आगोटीची, म्हणजे पाऊस लागायच्या आतली, बेगमी: मुंबईच्या घरात वाणसामान साठवून पैसे कसे वाचवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपच्या आमच्या इमारतीतली सात घरं गेली अकरा वर्षं वाणसामान एकत्र आणतात. कुणाकडे नवी सून आली, कुणी भाड्याच्या खोलीत नवा संसार मांडला, की फिरून तेच प्रश्न माझ्याकडे येतात. जिन्यात उभ्या उभ्या किती सांगणार? म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढलं. आमचं घर चार माणसांचं, एक बेडरूम आणि स्वयंपाकघर, चौथा मजला. खाली दिलेले आकडे त्या घराचे आहेत. तुमचे वेगळे येतील.

साठवून खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण आपोआप नाही. हंगामात माल घेतला की भाव कमी पडतो. गोणीने घेतला की किलोमागे थोडं सुटतं. आणि ज्याचा कुणी हिशेब ठेवत नाही, त्या दुकानाच्या फेऱ्या कमी होतात. संध्याकाळी स्टेशनवरून येताना फक्त साखर घ्यायला आत शिरलेली बाई बिस्किटं, फरसाण आणि एखादी भांडी घासायची वडी घेऊनच बाहेर येते. आमच्या घरी सगळ्यात जास्त पैसे या फेऱ्या थांबल्यामुळे वाचले.

आता उलटी बाजू. समजा, तूरडाळ १५० रुपये किलो आहे आणि दहा किलो घेतली तर १३५ ने मिळते. म्हणजे दीडशे रुपये वाचले. त्यातली एक किलो भुंग्यांनी खाल्ली, तर उरलेली नऊ किलो बरोबर १५० नेच पडली, फिट्टंफाट. दीड किलो गेली, तर तुम्ही जवळजवळ १५९ रुपयांची डाळ खाल्ली आणि वर निवडायचे कष्ट केले. दहा टक्के सवलतीत एवढीच जागा असते. म्हणून स्वस्त कुठे मिळतं याच्या आधी आपल्याला लागतं किती आणि आपल्याकडे टिकतं किती, हे ठाऊक हवं.

आमच्या घराला किती लागतं, हे कसं काढायचं?

अंदाज करू नका, मोजा. डबा भरला की झाकणावर कागदी पट्टी चिकटवायची आणि त्यावर वजन व तारीख लिहायची. डबा रिकामा झाला की पुन्हा तारीख. तीन महिने एवढंच करा, त्या काळात गोणी-बिणी काही आणू नका. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी दर महिन्याला दोन किलो पोहे आणत होते, कारण आईकडे तेवढे यायचे. पट्ट्या लावल्यावर कळलं की आम्हाला किलोभरच लागतात. उरलेले दर पावसाळ्यात सादळून, कुबट होऊन जायचे.

आमचा महिन्याचा हिशेब असा निघाला: गहू १२ किलो, तांदूळ ७ किलो, तूरडाळ अडीच किलो, मूग-मसूर-चणाडाळ मिळून दोन किलो, तेल ४ लिटर, साखर ३ किलो, शेंगदाणे १ किलो, रवा १ किलो, चहा पाऊण किलो. श्रावणात साबुदाणा आणि शेंगदाणे दुप्पट लागतात, गणपतीत गूळ आणि तांदळाचं पीठ, दिवाळीत तेल, बेसन आणि साखर. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, तेव्हा सगळंच जास्त लागतं. हे चार महिने वेगळे लिहून ठेवा, नाहीतर वर्षाची सरासरी फसवते.

कुठली वस्तू किती दिवस टिकते?

पुस्तकातले आकडे कोरड्या हवेचे असतात. मुंबईची हवा जून ते सप्टेंबर ओलसर, एरवीही दमट. विदर्भातल्या माझ्या जावेकडे जो गहू कोठीत वर्षभर राहतो, तो माझ्याकडे आठ महिन्यांवर ठेवायची मला छाती होत नाही.

गहू, नीट वाळवलेला असेल तर, सहा ते आठ महिने. पण दळलेलं पीठ पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर ठेवू नका. म्हणून गहू साठवायचा, पीठ नाही. गिरणीत एका वेळी पाच-सहा किलोच दळण द्यायचं आणि गरम पीठ पिशवीतून परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच डब्यात भरायचं. गरम भरलं की झाकणाला आतून घाम येतो आणि तिथूनच गुठळ्या आणि अळ्या सुरू होतात.

पॉलिशचा तांदूळ वर्षभर टिकतो, जुना झाल्यावर भात उलट मोकळा होतो. हातसडीचा किंवा ब्राऊन राइस मात्र तीन महिन्यांच्या वर नको. त्याच्या कोंड्यात तेल असतं आणि ते खवट होतं. तूरडाळ, चणाडाळ सहा महिने. राजमा, छोले, वाल हे वर्षभर किडले नाहीत तरी जुने झाले की शिजत नाहीत, कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा कच्च राहतो. वाचवलेले पैसे गॅसमध्ये जातात. कडधान्य चार महिन्यांपुरतंच घ्या.

साखर आणि मीठ खराब होत नाहीत, फक्त पाणी धरतात. गूळ पावसाळ्यात पाझरतो. एप्रिलमध्ये घेतला तर ढेप फोडून, तुकडे कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. चिंच बिया काढून, मीठ लावून, गोळे करून बरणीत भरली की वर्ष काढते. आमसुलंही तशीच. तेल बंद डब्यात सहा-आठ महिने चालतं, पण डबा एकदा फोडला की दीड-दोन महिन्यांत संपवा, आणि ओट्यावर गॅसशेजारी उन्हात ठेवू नका.

शेंगदाण्याबद्दल जरा थांबून सांगते. पावसाळ्यात ते ओलावा धरतात आणि त्यांवर हिरवट-काळपट बुरशी येते. या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते यकृताला घातक आहे आणि दाणे भाजले तरी पूर्ण जात नाही. कडू किंवा कुबट लागलेला दाणा थुंकून टाका आणि बुरशी दिसली तर सगळी पिशवी टाका, निवडून वापरू नका. पैसे वाचवण्याच्या नादात ही एक चूक करू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. मी जूनपासून पुढे शेंगदाणे महिन्याच्या वर घेत नाही.

वर्षात कुठल्या महिन्यात काय घ्यावं?

धान्य शेतातून येतं, मॉलमधून नाही, एवढं लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो. लोकवन असो की सिहोर, त्याच वेळी घ्या आणि मेच्या उन्हात वाळवा. नवी तूर डिसेंबरपासून बाजारात येते, तिची डाळ जानेवारी-फेब्रुवारीत हाती लागते. हरभरा फेब्रुवारी ते एप्रिल. भात दिवाळीच्या सुमारास कापला जातो, नवा तांदूळ तेव्हाच येतो, पण तो चिकट होतो. मऊ भात हवा असेल तर नवा, मोकळा हवा असेल तर जुना मागा. खरिपाचा भुईमूग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. लसूण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये नवा असतो, पण नव्यातला कोवळा घेऊ नका, पाकळी घट्ट आणि साल कोरडी झालेलीच टिकते.

कांद्याचं नीट समजून घ्या, कारण त्याच्या भावाने दर वर्षी डोळ्यांत पाणी येतं. कांदे दोन तऱ्हांचे. खरिपाचा लाल कांदा ओला असतो, तीन-चार आठवड्यांत त्याला कोंब येतात. उन्हाळी कांदा, म्हणजे रब्बीचा, मार्च अखेर ते मेमध्ये निघतो. त्याला पातळ सालींचे दोन-तीन पदर असतात आणि तो नाशिककडच्या कांदाचाळींमध्ये, म्हणजे हवेशीर कोठारांत, चार-पाच महिने राहतो. पावसाळा संपता संपता हा जुना साठा सरत येतो, नवा लाल कांदा आलेला नसतो, आणि भाव चढतो तो तेव्हाच. मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात दहा किलो उन्हाळी कांदा घेते, मध्यम आकाराचा, मान सुकलेला. जाळीच्या पिशवीत भरून खिडकीशेजारी टांगते, दर आठवड्याला हात फिरवून मऊ झालेला आधी काढते. मुंबईच्या हवेत तो ऑगस्टपर्यंत तरी जातो. बटाटे शेजारी ठेवू नका, दोघंही लवकर खराब होतात.

सुकी मासळी खाणाऱ्यांनी मे सोडू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, ताजी मासळी महाग होते. सुके बोंबील, सोडे, जवळा, करंदी मरोळच्या बाजारातून किंवा जवळच्या कोळीवाड्यातून आणा, एक कडक ऊन द्या आणि काचेच्या बरणीत बंद करा. आमच्या आजीच्या तोंडी या सगळ्या खरेदीला एकच शब्द होता, आगोट. पाऊस लागायच्या आत घर भरणं म्हणजे आगोटीचं सामान. मुंबईकरांची ही पद्धत जुनी आहे आणि ती अनुभवातून आली आहे.

वर्षाचा मसाला घरी केला तर परवडतो का?

परवडतो, आणि चवीत तर तुलनाच नाही. मार्च ते मे या काळात मिरच्या घ्या. रंगाला ब्याडगी किंवा काश्मिरी, तिखटाला संकेश्वरी किंवा पांडी. लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या, खडे मसाले आणि डंक, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, सगळं एका जागी मिळतं. मिरची हातात घेऊन हलवून बघा. खुळखुळली तर वाळलेली, गप्प राहिली तर ओली. ओली मिरची वजनाला महाग पडते, कारण तुम्ही पाण्याचे पैसे देता.

देठ घरी काढा. दोन किलो मिरच्यांचे देठ काढायला मी आणि सासूबाई अख्खी दुपार बसायचो, खाली वर्तमानपत्र, खिडक्या बंद, पंखा बंद, नाकाला ओढणी. मग गच्चीवर दोन दिवस ऊन. मिरची दोन बोटांत धरल्यावर कडकन मोडली पाहिजे. डंकावर कुटून आणलेला मसाला रात्रभर परातीत पसरून ठेवायचा, सकाळी बरणीत हाताच्या मुठीने दाबून दाबून भरायचा, मध्ये हवा राहू द्यायची नाही. वर हिंगाचे चार-पाच खडे, आणि बरणीच्या तोंडाला कापड बांधून झाकण. दर महिन्याला त्यातून छोट्या डब्यात काढायचा, कोरड्या चमच्याने. सासूबाई गेल्या त्या वर्षीचा मसाला त्यांच्याच हातचा होता. पुढच्या एप्रिलपर्यंत पुरला, आणि शेवटच्या चमच्यालाही हिंगाचा वास तसाच होता.

कीड लागू नये म्हणून काय घालावं?

आधी काय घालू नये ते सांगते. गोदामात वापरतात त्या सेलफॉससारख्या गोळ्या घरात आणूच नका. त्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो जीव घेतो. लहानशा खोलीत, जिथे माणसं झोपतात तिथे, एक गोळीही नको, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. पाऱ्याच्या गोळ्या पूर्वी आमच्याही घरी तांदळात असायच्या. पारा पोटात जाण्याची वस्तू नाही, मी त्या बंद केल्या. बोरिक पावडर तांदळाला चोळायची रीत आहे. तांदूळ धुतला जातो हे खरं, पण किती धुतला जातो हे कोण बघतं? मी तीही सोडली.

उरतं ते पुरेसं आहे. तूरडाळीला किलोला अर्धा चमचा एरंडेल तेल दोन्ही तळहातांवर घेऊन हलक्या हाताने चोळायचं, प्रत्येक दाण्याला चकाकी आली की पुरे. गव्हात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथराने. तांदळात तमालपत्र किंवा सुक्या लाल मिरच्या. रवा आणलेल्या दिवशीच मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून भरायचा. फ्रीझरमध्ये जागा असेल तर कडधान्य आणि डाळीच्या पिशव्या तीन-चार दिवस तिथे ठेवा. दाण्याच्या आतली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या उष्णतेला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर दव धरतं.

आणि सगळ्यात गुणकारी युक्ती फुकटची आहे. मोठी कोठी वेगळी, रोजचा डबा वेगळा. कोठी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही पाऊस नसलेल्या दिवशी दुपारी. रोज उघडणाऱ्या डब्यात ओली हवा शिरते, पण तिथे महिन्याचंच धान्य असतं. जुन्यावर नवं कधी ओतायचं नाही. तळाला राहिलेली दोन मुठी जुनी डाळ नव्या दहा किलोंना टोके, म्हणजे धान्यातले किडे, देते.

आमच्याकडे जागाच नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कसं साठवायचं?

महिन्याऐवजी दोन महिन्यांचं आणा, वर्षाचं नको. पलंगाखाली, माळ्यावर, दरवाजामागे जागा असते, पण जमिनीला किंवा भिंतीला गोणी टेकवू नका. भिंत ओल सोडते. खाली लाकडी फळी, भिंतीपासून चार बोटं अंतर.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. २६ जुलै २००५ ला आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर होतो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या खोलीत पाणी कमरेपर्यंत आलं. मे महिन्यात भरलेली गव्हाची कोठी, तांदळाच्या दोन गोण्या, सगळं भिजलं. तिसऱ्या दिवशी गहू फुगून कोठीचं झाकण वर उचललं गेलं होतं आणि आंबट वास येत होता. सगळं महापालिकेच्या गाडीत टाकलं. वाचला तो फक्त माळ्यावरचा मसाला आणि साखर. तेव्हापासून सखल भागातल्या कुणालाही मी सांगते, जूनला घरात शिधा महिन्याचाच ठेवा, तोही कमरेच्या वर. हंगामाचा फायदा दिवाळीनंतर घ्या.

मुंबईत घाऊक भावाने कुठून आणायचं?

वाशीच्या बाजार समितीत धान्याचा आणि मसाल्याचा घाऊक बाजार आहे. पण तिथे माल गोणीने सुटतो, पाच किलोसाठी जाऊ नका. टेम्पोचं भाडं आणि हमाली धरली तर एकट्या घराला तो फायदा बरेचदा उरत नाही. आमच्यासारखी सहा-सात घरं मिळून गेलात तर उरतो. आम्ही वर्षातून दोनदा जातो, एप्रिलमध्ये आणि दिवाळीनंतर. सुका मेवा, खडे मसाले, खोबरं यांसाठी मशीद बंदर.

एवढी धावपळ नको असेल तर मुंबई ग्राहक पंचायत बघा. १९७५ पासून चालत आलेली संस्था आहे. शेजारपाजारच्या घरांचा गट करायचा, यादीवर महिन्याची मागणी नोंदवायची, सामान एकत्र येतं आणि गटातल्या बायका-पुरुष ते आपसात वाटून घेतात. महिनाभर आधी मागणी लिहायची असल्याने आपल्याला किती लागतं हे आपोआप शिकायला मिळतं. मला हीच त्यातली मोठी गोष्ट वाटते. गिरणगावातल्या लोकांना अपना बाजार सांगायला नको, १९४८ मध्ये नायगावात सुरू झालेली ग्राहकांची सहकारी संस्था. मोठ्या सुपरमार्केटमध्ये साबण, टूथपेस्ट, साखर, तेल स्वस्त मिळतं. धान्याचा दर्जा मात्र मुठीत घेऊन बघता येत नाही.

आणि आपला वाणी. त्याला तुम्ही वर्षाचं गिऱ्हाईक आहात. पंचवीस किलो तांदूळ एकदम घेते, भाव सांगा, असं नीट विचारलंत तर तो कमी करतो, घरी पोचवतो, आणि माल खराब निघाला तर परत घेतो. लॉकडाऊनमध्ये आमच्या सात घरांना डाळ-तांदूळ त्यानेच पुरवला.

सात घरं एकत्र आणतात तर भांडणं होत नाहीत का?

पैसे आधी, वाटप सगळ्यांसमोर, आणि काटा आपला स्वतःचा. हे तीन नियम आहेत. घरचा हुकाचा काटा चार-पाचशे रुपयांत येतो आणि तो एका वर्षात वसूल होतो. एकदा स्टेशनजवळच्या एका दुकानातून आणलेली तीस किलोची गोणी घरी साडेअठ्ठावीस भरली. आम्ही गोणी न फोडता परत नेली, म्हणून बदलून मिळाली. फोडली असती तर कोण ऐकणार? दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी व्हावी लागते, तिचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असतं. ते मागायला लाजू नका. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पाकिटावर काय वाचायचं?

किलोचा किंवा ग्रॅमचा भाव. एमआरपीशेजारी तो आता छापलेला असतो, लहान अक्षरात असतो इतकंच. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं, हा समज सोडा. दोन पाकिटं शेजारी धरा आणि तो आकडा बघा.

तेलात सगळ्यात जास्त फसगत होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर तेल असतं, आणि १५ लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. दोन्ही डबे दिसायला सारखे. दुकानदार ‘पंधराचा डबा’ म्हणतो. किलो की लिटर, हे विचारल्याशिवाय भावाची तुलना करू नका. पिशव्यांतही हल्ली लिटरच्या जागी आठशे-साडेआठशे ग्रॅमच्या दिसतात. सुटं खाद्यतेल घेऊ नका, त्यात भेसळ ओळखता येत नाही.

धान्य-डाळींचं आणखी एक. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या मालावर ५ टक्के जीएसटी लागला. सुट्या मालावर तो नाही. त्यामुळे वाण्याकडचा सुटा चांगला गहू आणि पॅकबंद गहू यांच्या भावात फरक दिसला तर त्यातला काही हा असतो.

‘एकावर एक फ्री’ घ्यावं का?

तुमच्या पट्टीवर लिहिलेलं असेल तर घ्या. साबण घ्या, जुना झालेला साबण सुकतो आणि उलट जास्त दिवस जातो. टूथपेस्ट, कपड्यांची पावडर, कचऱ्याच्या पिशव्या घ्या. सॉस, नूडल्स, ओट्स, बिस्किटं यांची तारीख बघा, कारण सेलमध्ये जवळच्या तारखेचा माल पुढे येतो. शिवाय घरात बिस्किटांचे बारा पुडे असले की ते सहा पुड्यांच्या वेळात संपतात. मुलं आहेत, खाणारच. त्यात बचत नाही.

एकदम एवढे पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न विचारणारी प्रत्येक बाई हळू आवाजात विचारते, आणि मला वाटतं हाच सगळ्यात खरा प्रश्न आहे. ज्याच्याकडे पैसे असतात त्यालाच स्वस्त मिळतं, हे सत्य आहे आणि ते मला बोचतं. आम्ही इमारतीत धान्याची भिशी काढली. दर महिन्याला घरटी पाचशे. एप्रिलमध्ये सगळ्यांनी मिळून खरेदी करायची. पहिल्या वर्षी सगळं नका आणू. पहिल्या महिन्यात फक्त साखर दोन महिन्यांची घ्या, पुढच्या महिन्यात साखरेचे पैसे सुटे राहिले, त्यातून डाळ दुप्पट घ्या. वर्षभरात साठा उभा राहतो आणि कुणाचे पैसे अडकत नाहीत.

क्रेडिट कार्डाची रक्कम पुढे ढकलून किंवा हप्त्यावर धान्य भरू नका. कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज खाते. तीन महिन्यांत दहा टक्के सवलत तिथेच संपली.

रेशनचं धान्य साठवलं तर?

प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो, अंत्योदयवर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. ते दर महिन्याला उचला, घरी आणल्यावर त्याच दिवशी चाळा, पाखडा आणि ऊन दाखवा, मगच डब्यात. आधीच्या धान्यात मिसळू नका. रेशनचा गहू घरच्या लोकवनमध्ये निम्मा-निम्मा दळला तर पोळी चांगली होते, मी करून पाहिलं आहे.

ही साठेबाजी नाही का?

नाही. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सरकार साठ्यावर मर्यादा घालतं ती व्यापाऱ्यांवर, घरच्या कोठीवर नाही. पण कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. बाजारात माल भरपूर असताना भरलं तर कुणाचं काही कमी होत नाही. मार्च २०२० मध्ये लोक घाबरून गाड्या भरभरून नेत होते आणि आमच्या मागच्या वस्तीत रोजंदारीच्या लोकांना पीठ मिळत नव्हतं. आमच्या कोठीत तेव्हा तीन महिन्यांचा गहू होता. आम्ही सात घरांनी त्या आठवड्यात दुकानातून काही उचललं नाही, आणि गव्हाची दोन पोती वस्तीत दिली.

आम्ही दोघंच आहोत. आम्ही साठवावं का?

मसाला, तांदूळ, साखर, चिंच, आमसुलं, साबण एवढंच. बाकी महिन्याचं महिन्याला. दोघांच्या घरात डाळीचा डबा तीन-तीन महिने चालतो आणि जितके दिवस तितके टोके. शेजारच्या एखाद्या घराशी बोला, पाच किलोची पिशवी अर्धी अर्धी करा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे आजी-आजोबा असंच करतात. गोणी आली की आजी आपला पितळी डबा घेऊन वर येतात, त्यांची दोन किलो सगळ्यात आधी मोजून होते, आणि बाकीच्यांचं मोजून होईपर्यंत त्या बसून सगळ्यांसाठी चहा करतात.